४५ दिवसांचा हिशेब: अधिसभा आणि व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद,
राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय: परीक्षांचे निकाल नेमके कुठे अडतात याबाबत

महोदय, महोदया,

अधिसभेच्या (सिनेटच्या) बैठकीत एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो: निकाल वेळेवर का लागत नाहीत? प्रशासन लेखी उत्तर देते, त्यावर उपप्रश्न येतो, कुणीतरी समिती नेमण्याची मागणी करते आणि विषय पुढच्या बैठकीपर्यंत थंड होतो. त्या लेखी उत्तराचा कच्चा मसुदा बहुतेक वेळा परीक्षा विभागातल्याच एखाद्या टेबलावर टाइप झालेला असतो आणि त्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ असे लिहिलेले असते. ही तांत्रिक कारणे कोणती, ती कधी जन्माला येतात आणि त्यांतली कोणती आपल्याच सभागृहात जन्माला येतात, हे सविस्तर सांगावे म्हणून परीक्षा विभागातल्या आम्हा कर्मचाऱ्यांचे हे पत्र.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ प्रमाणे परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचे नाही. मुदत रास्त आहे आणि पाळताही येते. पण हे दिवस शेवटच्या पेपरपासून मोजले जातात आणि उशीर त्याच्या दोन-तीन महिने आधी ठरून गेलेला असतो. परीक्षा अर्ज भरताना, विषयांचे सांकेतांक तयार करताना, अंतर्गत गुणांचे पोर्टल पुन्हा पुन्हा उघडताना. शेवटच्या पेपरनंतर विभागात जी रात्रंदिवस धावपळ दिसते तिच्यातला मोठा भाग या जुन्या चुका हुडकण्यात जातो. उत्तरपत्रिका तपासायला किती दिवस लागणार हे गठ्ठे आणि परीक्षक मोजले की सांगता येते. हरवलेली एक उत्तरपत्रिका सापडायला किती दिवस लागतील हे कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवात परीक्षा अर्जापासून करू. नियमित शुल्क, विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क असे तीन टप्पे असतात. तिसरा टप्पा संपला की यादी गोठवायची, बैठक क्रमांक पाडायचे, केंद्रांना विद्यार्थी वाटून द्यायचे, मग हॉल तिकिटे, हजेरीपत्रके आणि बारकोडची स्टिकर काढायची. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या आकड्यावर उभी असते. आणि नेमके यादी गोठवल्यावर ‘विशेष बाब’ येते. एखाद्या महाविद्यालयाने अर्जच पुढे पाठवलेले नसतात, एखादी संघटना निवेदन देते, आणि ‘विद्यार्थीहित लक्षात घेता’ आणखी चार दिवसांची मुदतवाढ मंजूर होते.

त्या चार दिवसांत येणारे विद्यार्थी मूठभर असतात. पण त्यांचे बैठक क्रमांक यादीच्या शेवटी वेगळ्या मालिकेत पडतात. त्यांचे हजेरीपत्रक वेगळे असते आणि पुष्कळदा केंद्रावर हातानेच लिहिलेले असते. छापील स्टिकर नसल्याने उत्तरपत्रिकेवर क्रमांक पेनाने लिहिला जातो. अशी उत्तरपत्रिका मूल्यांकन केंद्रावर, म्हणजे सगळे ज्याला कॅप म्हणतात तिथे, पोहोचते तेव्हा यंत्र तिला ओळखत नाही. ती बाजूला ठेवली जाते. अशा बाजूला ठेवलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा प्रत्येक विषयाला तयार होतो आणि तो कुणीतरी माणसाने, एकेक पान उलटून, सोडवावा लागतो.

मुदतवाढ देऊच नका असे आमचे म्हणणे नाही. पुराने रस्ते बंद झाले, पोर्टल बसले, शिष्यवृत्तीच्या नोंदी अडल्या, तर ती द्यावीच लागते. एवढेच करावे: ज्या ठरावाने अर्जाची मुदत चार दिवसांनी वाढते, त्याच ठरावात परीक्षेची पहिली तारीखही चार दिवस पुढे जावी. आज अर्जाची तारीख सरकते, परीक्षेची सरकत नाही, आणि मधले चार दिवस छपाईतून आणि पडताळणीतून कापले जातात. पहिला बळी पडताळणीचा जातो, कारण ती झाली नाही तरी त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही.

अर्जातली दुसरी गोम म्हणजे चुकीचा विषय. विद्यार्थी वर्गात एका ऐच्छिक विषयाला बसतो, अर्जात दुसऱ्याच विषयावर खूण केलेली असते. हे फॉर्म सायबर कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या एकाच संगणकावर रांगेने भरले जातात आणि शेजारचा पर्याय दाबला जातो. अर्जाची प्रत तपासून सही करण्याची जबाबदारी महाविद्यालयाची, पण तिथे शेकडो प्रतींवर एका बैठकीत शिक्के मारले जातात. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी आपला खरा विषय लिहून येतो, पर्यवेक्षक दयाबुद्धीने बसू देतात. मग गुणपत्रिकेत एका विषयाला ‘अनुपस्थित’ आणि दुसऱ्या विषयाचे गुण बेवारस. दुरुस्तीसाठी महाविद्यालयाचे पत्र, केंद्राचे हजेरीपत्रक, हॉल तिकिटाची प्रत, परीक्षा कक्षाची टिपणी, परीक्षा संचालकांची मंजुरी, मूळ नोंदीत बदल आणि त्या विद्यार्थ्याच्या निकालाची फेरप्रक्रिया लागते. दुरुस्ती दहा मिनिटांची, टिपणीचा प्रवास दहा दिवसांचा. यावर औषध आहे: हॉल तिकीट देण्याआधी विषयांची यादी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर जावी आणि त्याने ‘बरोबर’ असे कळवल्याशिवाय तिकीट निघू नये. जिथे ही अट घातली जाते तिथे आरडाओरडा पहिल्या दोन दिवसांत होतो आणि तोही परीक्षेच्या आधी, जेव्हा काही करता येते.

आता उत्तरपत्रिका. स्टिकर आडवे चिकटवले, घडीवर चिकटवले, त्यावर सही केली किंवा शाई सांडली की वाचक यंत्र ते वाचत नाही. पुरवणी दोऱ्याने बांधलेली असते आणि दोरा सैल असतो. आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडेच घडते. बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत लिहायचा असतो. अंक कोणते, देवनागरी की इंग्रजी, हे मुखपृष्ठावर नेहमी सांगितलेले नसते. घाईत काढलेला देवनागरी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, ५ हा इंग्रजी चारासारखा आणि ४ तर सरळ इंग्रजी आठासारखा. एकाच क्रमांकात दोन्ही लिप्यांचे अंक मिसळलेले असले की अक्षरी क्रमांक हाच आधार, आणि नेमकी तीच ओळ रिकामी सोडलेली असते. मुखपृष्ठावर एक छापील ओळ आणि पर्यवेक्षकाने सही करताना त्या ओळीवर टाकलेली एक नजर, एवढ्याने हा प्रकार बराचसा मिटतो. मुखपृष्ठाचा नमुना मात्र एकदा छापखान्यात गेला की तो साठा संपेपर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे ही सूचना मागणीपत्र काढण्याआधी यायला हवी.

यानंतर येतो तो मेळ. विभागात हा शब्द उच्चारला की सगळे गप्प होतात. प्रत्येक विषयासाठी, प्रत्येक केंद्रासाठी एकच समीकरण जुळावे लागते: हजेरीपत्रकावरचे उपस्थित विद्यार्थी म्हणजे कॅपवर नोंदलेल्या उत्तरपत्रिका अधिक गैरप्रकाराच्या पाकिटात गेलेल्या उत्तरपत्रिका. समजा, एका विषयाला उपस्थित १,२४० आणि नोंदलेल्या १,२३८. दोन कमी. शोध ठरलेल्या क्रमाने होतो. आधी गैरप्रकाराची पाकिटे, कारण भरारी पथकाने पकडलेली उत्तरपत्रिका केंद्राच्या अहवालात कधीकधी नोंदवायची राहते. मग त्याच सत्रात झालेल्या दुसऱ्या विषयांचे गठ्ठे, विशेषतः ज्यांच्या सांकेतांकात एकाच अंकाचा फरक आहे ते. मग त्याच गठ्ठ्यातल्या जाड उत्तरपत्रिका उघडून पाहायच्या, कारण पातळ उत्तरपत्रिका दुसऱ्या पुरवणीच्या घडीत सरकून बसते. शेवटी हजेरीपत्रक: गैरहजर विद्यार्थ्याच्या रकान्यात शेजाऱ्याने चुकून सही केलेली असते, आणि तसे असेल तर उत्तरपत्रिका हरवलेलीच नसते. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत जास्त वेळा निघतो. तरीही तो शेवटी तपासावा लागतो, कारण आधीचे सगळे पर्याय संपल्याशिवाय ‘विद्यार्थी गैरहजर होता’ असे लिहायला कुणी धजत नाही. धजूही नये.

हा मेळ पेपर झाल्यापासून दोन दिवसांत बसवायला घेतला तर पर्यवेक्षकाला आठवते, केंद्रप्रमुख फोन उचलतात, गठ्ठे अजून हलवलेले नसतात. महिन्याने घेतला तर त्यातले काहीच हाती लागत नाही. म्हणून ‘उत्तरपत्रिका तपासून कधी होणार’ याच्याऐवजी ‘किती विषयांचा मेळ बसला’ हा प्रश्न परीक्षा सुरू असतानाच आपण विचारत राहिलात, तर ४५ दिवसांतले निम्मे भांडण तिथेच मिटेल.

मूल्यांकन पडद्यावर केले म्हणजे हे सगळे संपते असा समज आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांना मुंबई विद्यापीठाने १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन हंगामात अमलात आणला. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली, पुढच्याही तारखा टळल्या आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावरची तपासणी ही पद्धत वाईट नाही; बेरजेच्या चुका तिने खरोखर संपतात आणि गठ्ठे गावोगाव फिरवावे लागत नाहीत. पण स्कॅन करण्याआधी प्रत्येक उत्तरपत्रिकेची शिवण कापावी लागते, पाने सुटी होतात, पुरवणी दुसऱ्याच उत्तरपत्रिकेला जोडली जाऊ शकते, फिकट निळ्या शाईचे पान पडद्यावर कोरे दिसते. परीक्षकाला संगणक आणि सवय दोन्ही लागतात. म्हणजे चूक नाहीशी होत नाही, ती टेबलावरून स्कॅनरपाशी जाते, आणि स्कॅनरपाशी कोण बसणार हे आधी ठरलेले नसेल तर तिथेच साचते.

यातून निघणारी मागणी अशी. परीक्षेची संगणकप्रणाली किंवा ती चालवणारी कंपनी बदलायची असेल तर निविदेत दोन अटी असाव्यात. पहिली, नव्या प्रणालीने मागच्या सत्राची पूर्ण माहिती घेऊन निकाल पुन्हा काढून दाखवावा आणि तो जुन्या निकालाशी विद्यार्थीनिहाय ताडला जावा. फरक शून्य येईपर्यंत नवे सत्र तिच्यावर जाऊ नये. दुसरी, करार संपताना सर्व नोंदी कोणत्याही साध्या संगणकावर उघडतील अशा स्वरूपात विद्यापीठाच्या ताब्यात द्याव्यात. दुसरी अट नसेल तर जुनी कंपनी जाते आणि जुन्या विद्यार्थ्यांचे गुण तिच्याच कुलपात राहतात. दहा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला माणूस ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मागायला येतो तेव्हा कपाटातले धूळ खाल्लेले लेजर काढून हाताने गुण उतरवावे लागतात, त्याचे कारण हेच.

अंतर्गत गुणांबद्दल थोडक्यात, कारण इथे गुंतागुंत नाही, फक्त बेपर्वाई आहे. लेखी परीक्षा सुरू होण्याआधी महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकांचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायचे असतात. भरले जात नाहीत. पोर्टल बंद होते, विनंतीपत्र येते, दंड लागतो, पोर्टल उघडते, पुन्हा बंद होते. शेवटी निकालाच्या दिवशी त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांपुढे ‘निकाल राखीव’ असे येते आणि मोर्चा विद्यापीठावर येतो. दंड महाविद्यालयाला होतो, तो संस्थेच्या खात्यातून भरला जातो आणि प्राचार्यांना त्याची झळ लागत नाही. राखीव निकालांची संख्या कारणासह, महाविद्यालयाच्या नावानिशी निकालाच्याच दिवशी संकेतस्थळावर लावा. दंडापेक्षा ते जास्त लागेल.

अजून एक बारीक गोष्ट. ‘शून्य’ आणि ‘अनुपस्थित’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्हींनी विद्यार्थी नापासच होतो म्हणून गुण भरणारे त्यांत फरक करत नाहीत. पण प्रयत्नांची मोजणी, कृपागुणांची पात्रता आणि एटीकेटी (राहिलेल्या विषयांसह पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) यांचे नियम अनुपस्थितीला वेगळे वागवतात. रिकाम्या रकान्यात सवयीने शून्य टाकणाऱ्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्याचे किती नुकसान केले, ते दोन सत्रांनंतर कळते.

आता नवे शैक्षणिक धोरण. संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांना ते २०२४-२५ पासून लागू झाले. धोरणावर मत देणे हे आमचे काम नाही. त्याने टेबलावर काय येते ते सांगतो. मुख्य विषय, मायनर (दुय्यम विषय), खुला ऐच्छिक, व्यावसायिक कौशल्य, कौशल्य संवर्धन, क्षमता संवर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, शिवाय क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यानुभव. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट), त्यांतले अनेक विषय दोन श्रेयांकांचे, म्हणजे ५० गुणांचे. विषय लहान झाले आणि वाढले. एका विद्यार्थ्यामागे भरायच्या नोंदी वाढल्या, वेळापत्रकातली सत्रे वाढली, सांकेतांक कित्येक पटींनी वाढले. त्याच वेळी जुन्या पद्धतीचे राहिलेले विद्यार्थी अजून परीक्षा देत आहेत, त्यांच्याही आधीच्या पद्धतीचे थोडे आहेतच. एकाच नावाचा विषय तीन अभ्यासक्रमांत, तीन सांकेतांकांनी, तीन वेगळ्या कमाल गुणांनी चालू असतो.

अशा वेळी अभ्यासमंडळाने समतुल्यता तक्ता वेळेवर द्यायचा असतो: जुना कोणता विषय नव्या कोणत्या विषयाच्या बदल्यात चालेल ते. हा तक्ता परीक्षेच्या तोंडावर येतो, कधी परीक्षेनंतर येतो. शिवाय विद्यापरिषदेत मंजूर झालेल्या आराखड्यात सत्र सुरू झाल्यावर दुरुस्ती होते, चार श्रेयांकांचा विषय दोनाचा होतो, आणि ती दुरुस्ती परिपत्रकात येते पण प्रणालीच्या मूळ तक्त्यात कुणी करायची हे परिपत्रकात नसते.

त्याचा परिणाम एका विद्यार्थ्यापुरता पाहा. सत्राची सरासरी म्हणजे प्रत्येक विषयाचा श्रेणी बिंदू (ग्रेड पॉइंट) गुणिले त्याचे श्रेयांक, त्यांची बेरीज, भागिले एकूण श्रेयांक. समजा, २२ श्रेयांकांवर बेरीज १६० आली, तर सत्राची सरासरी ७.२७. आता ९ श्रेणी बिंदू मिळालेला चार श्रेयांकांचा एक विषय मूळ तक्त्यात चुकून दोनाचा राहिला. बेरीज १४२, श्रेयांक २०, सरासरी ७.१०. गुणपत्रिका स्वच्छ दिसते. कुणी नापास होत नाही, कुणी तक्रार करत नाही, कारण स्वतःची सरासरी हाताने काढून बघणारे विद्यार्थी फार थोडे. आणि ही चूक एकाची नसते, त्या विषयाच्या सगळ्यांची असते. नापास झालेला माणूस तक्रार करतो म्हणून ती चूक तरी सापडते. उत्तीर्णांच्या चुका छापून, लॅमिनेट करून घरोघरी जातात.

म्हणूनच निकाल जाहीर करण्याआधी हाताने पडताळणी लागते. प्रत्येक अभ्यासक्रमातून, प्रत्येक पद्धतीतून काही नमुने काढून कॅल्क्युलेटरवर पूर्ण निकाल काढायचा. नमुने निवडताना साधे उत्तीर्ण विद्यार्थी निवडले तर काही हाती लागत नाही. काठावरचे निवडावे लागतात: कृपागुणांनी उत्तीर्ण झालेला, मागच्या सत्राचा विषय राहिलेला, महाविद्यालय बदलून आलेला, क्रीडा किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे वाढीव गुण मिळालेला, समतुल्य विषय दिलेला. सोबत काही ठोक तपासण्या: कमाल गुणांपेक्षा जास्त गुण कुणाला आहेत का, एखाद्या महाविद्यालयात सगळ्यांना अंतर्गत गुण एकसारखे आहेत का, एखाद्या विषयाचा निकाल मागच्या सत्राच्या तुलनेत फार वर किंवा फार खाली गेला आहे का. हे काम दोन जाणत्या माणसांना एका अभ्यासक्रमाला एक दिवस पुरते. ‘आज संध्याकाळपर्यंत निकाल लावा’ असा फोन आला की नेमका हाच दिवस गळतो. पुढे दुरुस्ती अर्जांचे जे ढीग येतात ते त्या वाचवलेल्या एका दिवसाचे व्याज असते.

ही जाणती माणसे किती उरली आहेत, हा प्रश्न आपण भरतीच्या विषयपत्रिकेत विचारता, परीक्षेच्या विषयपत्रिकेत विचारत नाही. कायम पदे निवृत्तीने रिकामी होत गेली आणि त्या जागी कंत्राटी सहायक आले. त्यांचे आदेश सहा किंवा अकरा महिन्यांचे, मध्ये खंड. तो खंड पुष्कळदा ऐन निकालाच्या हंगामात पडतो, कारण आदेशाच्या तारखा परीक्षेचे वेळापत्रक पाहून काढलेल्या नसतात. काम शिकलेला मुलगा एप्रिलमध्ये घरी बसतो आणि मेमध्ये नवा येतो. त्याला राखीव निकालाची सगळी कारणे समजेपर्यंत सत्र संपते.

यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट लॉगिनची आहे. अनेक ठिकाणी प्रणालीतले लॉगिन कायम लिपिकाच्या नावाचे असते आणि प्रत्यक्ष काम कंत्राटी सहायक करतो, कारण कंत्राटी माणसाला स्वतंत्र लॉगिन देण्याची तरतूद नाही असे सांगितले जाते. गुणदुरुस्तीसाठी एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था प्रणालीत असते. पण दोन्ही पासवर्ड एकाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असतील तर ती व्यवस्था फक्त कागदावर राहते. चौकशी झाली तर नोंदीत त्या लिपिकाचे नाव निघते, जो त्या दिवशी रजेवर होता. प्रामाणिक माणसाला यात काही संरक्षण नाही आणि लबाडाला पुरेपूर आहे. काम जो करतो त्याच्या नावाचे लॉगिन, मग तो कायम असो वा कंत्राटी, एवढा एक ठराव व्यवस्थापन परिषदेने करावा. त्याला एक रुपयाही खर्च नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजना (ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी) आणि इतर मागण्यांसाठी राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, तेव्हा काही विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या काळात ‘कारकुनांवाचून परीक्षा अडते कशी’ असे विचारणारेही होते. अडते ती वर लिहिलेल्या मेळाशी आणि यादीशी.

निकाल लागल्यावर काम संपत नाही, खिडकीवर येते. छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, तात्पुरते प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, परदेशी जाणाऱ्यांचे ट्रान्सक्रिप्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयापासून तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा माहितीचा अधिकार आहे, आणि ते योग्यच झाले. त्याने परीक्षकही सावध झाले. मात्र छायाप्रतीची मागणी एकदम येते आणि गोदामात गठ्ठे विषयवार न लावता केंद्रवार लावलेले असतील तर एकेक उत्तरपत्रिका काढायला शिपायाला अर्धा तास लागतो. गोदामाची मांडणी हा विषय कुणाच्याच विषयपत्रिकेत कधी आलेला नाही. यावा.

पदवी प्रमाणपत्रावरच्या मराठी नावांचाही असाच अर्जांचा ढीग असतो. नाव इंग्रजीत भरले जाते आणि यंत्र त्याचे देवनागरी करते. यंत्राला ल आणि ळ, न आणि ण, द आणि ड यांतले काही कळत नाही. काळे यांचे काले होते, मुळे यांचे मुले होते. प्रवेशाच्या वेळीच नाव देवनागरीत विद्यार्थ्याकडून भरून घेतले असते तर दीक्षान्त समारंभानंतर दुरुस्ती शुल्क घेण्याची वेळ आली नसती. विद्यार्थ्यांचे श्रेयांक ऑनलाइन जमा होतात त्या श्रेयांक पेढीचेही तेच: आधारवरचे नाव आणि विद्यापीठाकडचे नाव यांत एक अक्षर वेगळे निघाले की श्रेयांक जमा होत नाहीत, आणि विद्यार्थी समजतो की विद्यापीठाने पाठवलेच नाहीत.

आणि फोन. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ‘आमच्या मतदारसंघातला मुलगा आहे, जरा बघा’ असा फोन सदस्यांकडून आला की लिपिक हातातला गठ्ठा ठेवून ती एक नस्ती (फाइल) शोधायला उठतो. ती सापडते, त्या मुलाचे काम होते. हातातल्या गठ्ठ्यातले बाकीचे दुपारपर्यंत थांबतात. त्याऐवजी प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक आणि तो कोणत्या टेबलावर आहे हे विद्यार्थ्याला मोबाइलवर दिसू द्या. फोनची गरज आपोआप कमी होईल, आणि काही टेबलांची अडचणही वाढेल. ती वाढायलाच हवी. सगळा उशीर वरूनच येतो असा आमचा दावा नाही. कारण नसताना चार दिवस दाबून ठेवलेली टिपणी आमच्यातही असते.

पुढच्या बैठकीसाठी निकालाच्या उशिराबद्दल प्रश्न टाकणार असाल तर तो पुढीलप्रमाणे टाकावा, ही विनंती. प्रत्येक परीक्षेसाठी परीक्षा अर्जाची जाहीर केलेली अंतिम तारीख आणि शेवटचा अर्ज प्रत्यक्षात स्वीकारल्याची तारीख. ‘विशेष बाब’ म्हणून घेतलेल्या अर्जांची संख्या आणि मंजुरी कुणी दिली. शेवटचे अंतर्गत गुण कोणत्या महाविद्यालयाकडून कोणत्या दिवशी आले. शेवटच्या पेपरनंतर दहाव्या दिवशी किती विषयांचा मेळ बाकी होता. अभ्यासक्रमाच्या आराखड्यात सत्र सुरू झाल्यावर किती दुरुस्त्या झाल्या. आणि निकालाच्या दिवशी राखीव ठेवलेले निकाल, कारणवार. ही सगळी माहिती विभागात आहे आणि दोन दिवसांत काढून देता येते. फक्त ती फोनवर मागू नका, कुलसचिवांमार्फत लेखी मागवा, म्हणजे नस्ती तयार होईल आणि पुढच्या वर्षी तुलना करायला आकडे हाताशी राहतील.

आपले,
परीक्षा विभागांत काम करणारे कायम आणि कंत्राटी शिक्षकेतर कर्मचारी